गोरं करणाऱ्या ट्यूबा आणि कातडीतला रंग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्नं झाली आणि लग्नसराई चालू झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी जोरात येते, गोरं व्हायची ट्यूब द्या. मी खानापुरात दुकान चालवतो, गिऱ्हाईक मराठी, कन्नड, कोकणी सगळं बोलणारं, पण ह्या मागणीत भाषेचा काही फरक नाही. कॉलेजची पोरगी येते, मोबाईलवर ट्यूबचा फोटो दाखवते, चिठ्ठी मागितली की म्हणते, "चिठ्ठी कशाला हो काका, आमच्या हॉस्टेलवर सगळ्याच लावूलाल्यात की." कधी आई बरोबर असते, ती हळू आवाजात सांगते की पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहेत, तेवढं जरा उजळलं तर बरं होईल. आता त्या माऊलीला काउंटरवर उभ्या उभ्या किती सांगणार, मागं बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यावाले खोळंबलेले असतात. म्हणून म्हटलं पेपरातच लिहावं. जरा लांबलंय पण शक्य असेल तर सगळं छापा.

पहिली गोष्ट म्हणजे हा रंग येतो कुठून हेच बहुतेकांना माहीत नाही, आणि ते माहीत नाही म्हणून ट्यूबवाल्याचं फावतं. आपल्या कातडीचा जो वरचा थर असतो त्याच्या अगदी तळाला मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांचं काम मेलॅनिन बनवणं, मेलॅनिन म्हणजेच रंगद्रव्य. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं, दूध, डाळ, अंडी ह्यांच्या प्रोटीनमधून मिळतं तेच, त्याच्यावर टायरोसिनेज नावाचं एन्झाइम काम करतं आणि टप्प्याटप्प्यानं त्याचा रंग तयार होतो. हा रंग मेलॅनोसोम नावाच्या अगदी बारीक पिशव्यांत भरला जातो. मेलॅनोसाइटला चहूबाजूंनी फाटे फुटलेले असतात, त्या फाट्यांतून ती एकटी पेशी आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना ह्या पिशव्या पुरवते, आणि त्या पेशी ह्या पिशव्या घेऊन काय करतात तर आपल्या केंद्रकाच्या वर छत्रीसारख्या धरतात, म्हणजे आत जो डीएनए आहे त्याच्यावर उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण थेट पडू नयेत. बघा म्हणजे रंग ही कातडीनं स्वतःच्या संरक्षणासाठी केलेली व्यवस्था आहे, आणि आम्ही ती खरवडून काढायला पैसे देतो.

आता इथं एक मोठा गैरसमज आहे, शिकलेल्या लोकांचासुद्धा, की काळ्या माणसात ह्या पेशी जास्त असतात आणि गोऱ्यात कमी. असं नाही. जगातल्या कुठल्याही माणसाच्या कातडीत शरीराच्या एकाच जागची तुलना केली तर मेलॅनोसाइटची संख्या जवळजवळ सारखी असते, एका चौरस मिलिमीटरला हजार ते दोन हजार. फरक असतो तो पिशव्यांत. गडद कातडीत मेलॅनोसोम मोठे असतात, भरलेले असतात, पेशीत सुटे सुटे पसरतात आणि वरच्या थरापर्यंत टिकून राहतात. फिक्या कातडीत ते लहान असतात, झुपक्यानं राहतात आणि लवकर विरघळून जातात. शिवाय मेलॅनिनचे दोन प्रकार, एक युमेलॅनिन, तपकिरी-काळं, आणि दुसरं फिओमेलॅनिन, पिवळट-लालसर, त्यांचं प्रमाण माणसागणिक वेगळं. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची लाली मिसळते, म्हणून अंगात रक्त कमी असलेली बाई फिकट दिसते आणि लोक तिला गोरी म्हणतात. तिला खरी गरज असते लोहाच्या गोळ्यांची, पण त्या घेताना खळखळ आणि ट्यूब घेताना मात्र नाही.

आपल्याच खानापूर तालुक्यात आणि पलीकडं हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्याला आणलं, तिथून ते जंगलाच्या आसऱ्यानं इकडं आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनीही त्यांचं आफ्रिकेशी असलेलं नातं सिद्ध केलंय. आज ते कोकणी, मराठी, कन्नड बोलतात, आपल्यासारखेच बाजाराला येतात, शांताराम सिद्दी २०२० साली कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. तरी त्या समाजाच्या पोरांना शाळेत, बसस्टँडवर रंगावरून नावं ठेवलेली मी स्वतः ऐकलीत आणि ऐकून संताप येतो. त्या पोराच्या आणि त्याला चिडवणाऱ्या पोराच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रंग बनवणाऱ्या पेशी तेवढ्याच दिसतील. हे कुणीतरी मास्तरांनी वर्गात सांगायला पाहिजे.

स्वतःच्या अंगावर पण हे बघता येतं. ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या बाहीखालचा दंड बघा आणि मनगट बघा. दंडाचा रंग हा तुमचा मूळ, आईबापाकडून आलेला. मनगटाचा रंग उन्हानं चढलेला. ऊन लागलं की पेशीतल्या डीएनएला थोडी इजा होते, ती इजा ओळखून आसपासच्या पेशी एक संदेश पाठवतात, तो मेलॅनोसाइटवरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेला, लागतो आणि मग युमेलॅनिन जास्त बनायला लागतं. रोपलावणीला वाकलेल्या बायका, ऊसतोडीला आलेली माणसं, निपाणीकडं तंबाखूच्या शेतात दिवसभर राबणारे, ह्यांचं अंग जे काळवंडतं ते असं. आणि तळहात बघा, कितीही गडद रंगाचा माणूस असू दे, तळहात-तळपाय फिके असतात, कारण तिथली कातडी जाड आणि तिथं रंग बनवणाऱ्या पेशीच कमी.

मग देवानं सगळ्यांना एकच रंग का नाही दिला असं एका आज्जींनी मला विचारलं होतं, प्रश्न चांगला आहे. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन ह्या दोन संशोधकांनी २००० साली ह्यावर मोठा अभ्यास मांडला. जिथं ऊन कडक तिथं कातडी गडद, जिथं ऊन कमी तिथं फिकी, आणि ह्याच्या मागं दोन कारणं. एक, कडक उन्हातल्या किरणांनी शरीरातलं फोलेट नष्ट होतं. गरोदर बाईला डॉक्टर जी फोलिक अ‍ॅसिडची गोळी लिहून देतात ती ह्याच फोलेटसाठी, ते कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो. गडद कातडी हे फोलेट राखते. दोन, ड जीवनसत्त्व बनवायला थोडे किरण आत यावे लागतात, म्हणून उत्तरेकडं थंड प्रदेशात गेलेल्या माणसांची कातडी हजारो वर्षांत फिकी होत गेली. आपलं बेळगाव विषुववृत्तापासून जेमतेम १६ अंशावर आहे, इथं बहुतेक माणसं सावळी असणार हे सरळ आहे, इथल्या उन्हाला तोच रंग लागतो. आफ्रिकी वंशाच्या गडद कातडीचं नैसर्गिक एसपीएफ, म्हणजे ऊन अडवायची ताकद, साधारण १३.४ भरतं आणि गोऱ्या युरोपियन कातडीचं ३.४, असं मोजून ठेवलेलं आहे. ऑस्ट्रेलियात युरोपातून गेलेल्या गोऱ्या लोकांची वस्ती मोठी आणि तिथं कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांपैकी, ते काय उगीच नाही.

आईबापाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो कारण त्यावरून घरात फार छळ होतो. रंग एका जनुकानं ठरत नाही. २००५ मध्ये झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावर काम करताना एसएलसी२४ए५ हे जनुक सापडलं, त्यातल्या एका बारक्या बदलामुळं युरोपातल्या लोकांची कातडी फिकी झाली असं दिसलं. पुढं २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ असलेल्या एका अभ्यासात तोच बदल भारतातल्या कितीतरी समाजांत मिळाला आणि त्याचं मूळ युरोपातल्या बदलाशी एकच निघालं. आणि २०२३ मध्ये तर मेलॅनिन बनवण्याशी संबंध असलेली १६९ जनुकं शोधून काढली, त्यातल्या १३५ चा रंगाशी संबंध आधी माहीतच नव्हता. आता एवढी जनुकं आईकडून काही, बापाकडून काही अशी मिसळून येणार, तर एकाच घरात एक पोरगं उजळ आणि एक सावळं होणारच की. त्यावरून सुनेला बोलणारी माणसं आहेत. गरोदरपणात केशर घातलेलं दूध प्यालं की बाळ गोरं होतं म्हणून महागडं केशर आणतात, बाळ जन्मलं की कानाची पाळी बघून पुढचा रंग सांगतात, मग बाळाला हरभऱ्याचं पीठ चोळून चोळून कातडी लाल करतात. केशरानं जनुकं बदलत नाहीत. बाळ जन्मतं तेव्हा रंग फिका असतो कारण मेलॅनिन पूर्ण बनायला वेळ लागतो, पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत त्याचा खरा रंग येतो, त्यात आईनं काही खाल्लं नाही म्हणून झालं असं काही नसतं. केशराचे पैसे त्या बाईच्या अंड्या-दुधाला घाला.

आता मुख्य विषय, ट्यूब. ज्या ट्यूबचे फोटो मला दाखवतात त्यांत बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टिरॉइड. हे मिश्रण बनवलंय वांगासाठी, कन्नडमध्ये ज्याला बंगू म्हणतात त्यासाठी, तेही चर्मरोग डॉक्टरनं ठरावीक दिवस, रात्री, डागापुरतं लावायला सांगायचं. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला अडवतं, ट्रेटिनॉइन वरच्या पेशी लवकर गळवतं, स्टिरॉइड सूज कमी करतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. त्यामुळं पहिले काही आठवडे चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, पोरगी खूश, मैत्रिणीला सांगते, मैत्रीण पण घेऊन जाते. आणि मग दोन-चार महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस येतात, पुटकुळ्या येतात, उन्हात गेलं की आग होते. ट्यूब बंद केली की चेहरा आणखी भडकतो, म्हणून पुन्हा लावायची, आणि असं ते व्यसनासारखं चालू राहतं. हायड्रोक्विनोन फार दिवस लावलं तर काही जणांची कातडी उलट निळसर-काळी पडते आणि ती डागळलेली जागा बरी करणं डॉक्टरांनाही जड जातं. चेहऱ्याची ही अवस्था इतकी सर्रास झालीय की डॉक्टर लोकांनी त्याला नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०११ साली देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या चर्मरोग ओपीडीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २९२६ पेशंट तपासले, त्यात ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यातले १२६ नुसतं गोरं व्हायला किंवा साधं क्रीम म्हणून.

२०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइडची क्रीमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्या धंद्यातल्या सगळ्या बांधवांना, इकडं बेळगाव-निपाणीचे असोत नाहीतर पलीकडं चंदगड-गडहिंग्लजचे, हात जोडून सांगतो की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ह्या भीतीनं देऊ नका. दहा दुकानांपैकी नऊ जणांनी नाही म्हटलं तर दहावाही विचार करेल.

ह्याहून भयंकर ती बिनलेबलची डबी. पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळते, डबीवर कुणी बनवली, आत काय आहे, काही लिहिलेलं नाही, आणि चार दिवसांत फरक पडतो. एवढ्या झटपट फरक पडला तर मला पाऱ्याचाच संशय येतो, कारण टायरोसिनेज एन्झाइमला चालायला तांबं लागतं, पारा त्या तांब्याची जागा घेतो आणि रंग बनणं थांबतं. पण पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे, म्हणजे लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या किडनीच्या आजाराचे २२ पेशंट तपासले, त्यातल्या १५ जणांत एक विशिष्ट प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम वापरत होते. आपल्याकडच्या बायकांना पाय सुजले, तोंड सुजलं की पाणी उतरलंय म्हणून सोडून देतात. त्यांना विचारायला पाहिजे की तोंडाला काय लावता.

आता संपादक साहेब, थोडं तुमच्याशी बोलायचंय. आपल्या पेपरात रविवारी वधू-वर पान येतं, त्यात शिक्षण, नोकरी, शेती ह्याच्या बरोबरीनं रंग असतो, गोरी, निमगोरी, गव्हाळ, आणि सावळ्या मुलीचे आईबाप तो रंग लिहिताना जणू माफी मागितल्यासारखं लिहितात. हे फक्त तुमच्याच पेपरात नाही, कन्नड पेपरात पण तेच असतं. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली आणि २०२० मध्ये कंपनीनं फेअर शब्द काढून टाकला, एवढ्या मोठ्या कंपनीला ते करावं लागलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयनं २०१४ मध्येच नियम केला की सावळा रंग म्हणजे कमीपणा, लग्न न जमणं, नोकरी न मिळणं असं दाखवायचं नाही. मग वधू-वर जाहिरातीत तरी तो रकाना का ठेवायचा. कुणी लिहून आणलं तर तुमच्या माणसानं सांगावं की आम्ही रंग छापत नाही. सुरुवातीला चार जाहिराती कमी येतील हे मला धंदा करणारा म्हणून कळतं, तरी सांगतोय, कारण सकाळी ते पान वाचून संध्याकाळी पोरगी माझ्याकडं येते.

कोडाबद्दल पण लिहिलंच पाहिजे. कोड, कन्नडमध्ये तोन्नू, म्हणजे शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा मेलॅनोसाइटवर उलटते आणि त्या जागच्या पेशी मरतात, रंग बनणं थांबतं, बाकी कातडी चांगली असते. ते शिवल्यानं होत नाही, जेवल्यानं होत नाही, मागच्या जन्माच्या पापानं होत नाही, महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी ठरलेली लग्नं मोडतात, पंगतीला वेगळं बसवतात. वाईट म्हणजे लोक लपवतात आणि उशीर करतात, आणि उशीर केला की नुकसान होतं, कारण केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो आणि इलाज लागू पडला की रंग तिथून ठिपक्या ठिपक्यानं परत यायला लागतो. डागावरचे केसच पांढरे झाले की तो साठा संपत आला असं समजतात. ओठ आणि बोटांची टोकं ह्यांच्यावर केस नसतात म्हणून तिथं रंग यायला फार त्रास. आज ३११ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेट बी किरणांचा उपचार मिळतो, मलमं मिळतात. पण स्वतःच्या मनानं बावचीचं तेल लावून उन्हात बसू नका, बावचीतला सोरालेन ऊन लागल्यावर कातडी भाजतो, असे फोड आलेली माणसं आमच्याकडं मलम मागायला येतात. २५ जून हा कोडाचा जागतिक दिवस असतो, त्या दिवशी तरी बेळगावच्या एखाद्या चर्मरोग डॉक्टरांचा लेख अर्धं पान छापा, मराठीत, सगळ्यांना समजेल असा.

आणि ज्या पोरींनी, पोरांनी पण, कारण आता पोरंही मागतात, ट्यूब आधीच चालू केलीय त्यांच्यासाठी. हे वाचून घाबरून एकदम बंद करू नका, चेहरा जास्त भडकतो, ती कमी करत करत कशी सोडायची ते डॉक्टर सांगतात. बेळगावात जिल्हा रुग्णालयात म्हणजे बिम्समध्ये चर्मरोग ओपीडी आहे, तिथं जा. जाताना वापरलेली ट्यूब, रिकामी झाली असली तरी, आणि पार्लरची डबी बरोबर घेऊन जा, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना कळेल. डबी बिनलेबलची असेल आणि पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. तोपर्यंत बाहेर पडताना तोंडावर सुती ओढणी बांधा, आणि घरात कुणी रंगावरून बोललं तर हे पत्र त्यांच्यासमोर ठेवा.

आपला,
एक मेडिकल दुकानदार,
खानापूर, जि. बेळगाव